उपास, उपोषण आणि उपासमार





बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात एका पौर्णिमेला वंदना आटोपल्यावर मंडळी बोलत बसली होती. बहुतेक घरे नुकतीच दीक्षा घेतलेली. एका माउलीने भीत भीत विचारले, "गुरुजी, दीक्षा घेतली, देव्हारा काढला, बावीस प्रतिज्ञा पाठ केल्या. पण गुरुवारचा उपास सुटत नाही. पोराच्या नोकरीसाठी धरला होता. सोडला आणि त्याचं काही वाईट झालं, तर?"

तिला उत्तर देणार तोच मागून एक तरुण उठला. तो म्हणाला, "गुरुजी, आमच्या चाळीतल्या चार घरांना तीन महिने रेशनचं धान्य नाही. हेलपाटे घालून चपला झिजल्या. आता कचेरीपुढे आमरण उपोषणाला बसावं म्हणतो. बाबासाहेबांना हे पटलं असतं का?"

प्रश्न दोन, पण दोन्ही भुकेचे. माउली देवासाठी उपाशी राहत होती, तरुण सरकारने ऐकावे म्हणून उपाशी राहू पाहत होता. आणि ती चार घरे? ती कोणासाठीच उपाशी नव्हती. त्यांना उपाशी ठेवले गेले होते. उपास, उपोषण आणि उपासमार हे शब्द कानाला सारखे लागतात, पण बौद्ध माणसाने ते वेगवेगळे ओळखले पाहिजेत. त्या दिवशी वेळ अपुरा पडला, म्हणून आज सविस्तर लिहितो. हेंद्रेपाड्यातल्या त्या दोघांसाठी लिहितो, आणि ज्या ज्या घरात हाच प्रश्न मनात दबून आहे त्या घरांसाठीही.

आधी भाकरी, मग धम्म

तथागत एकदा आळवी नगरीत गेले. तेथे एक गरीब शेतकरी होता. त्याला उपदेश ऐकायचा होता, पण नेमका त्याच दिवशी त्याचा बैल हरवला. बैल शोधता शोधता सकाळ गेली. बैल सापडला तेव्हा पोटात अन्नाचा कण नव्हता, तरी तो तसाच धावत आला. इकडे भिक्खुसंघाचे भोजन उरकले होते, लोक उपदेशाची वाट पाहत होते, आणि तथागत शांत बसून होते. शेतकरी आला, त्याने वंदन केले. तथागतांनी प्रथम काय विचारले? अन्न काही शिल्लक आहे का, असे विचारले. त्या माणसाला पोटभर जेवू घालायला लावले. त्याचा जीव निवाला, मग उपदेशाला आरंभ केला.

भिक्खूंना याचे नवल वाटले. एका उपाशी माणसासाठी शास्त्याने उपदेश थांबवावा? तथागतांनी त्यांना समजावले की भुकेने पीडलेल्या माणसाला धम्म कळू शकत नाही. धम्मपदाच्या सुखवग्गात भुकेला सर्व रोगांत मोठा रोग म्हटले आहे, ते याच प्रसंगी, अशी परंपरा आहे.

बंधूंनो, रोगाला कोणी पुण्य म्हणतो का? ताप आला तर आपण त्याची पूजा करीत नाही, औषध करतो. मग भुकेला व्रत का म्हणावे?

तथागतांनी उपास करून पाहिला होता

कोणी म्हणेल, साधुसंत उपास करतात, त्यात काही अर्थ असेलच. तर मग ऐका. सिद्धार्थ गौतमाइतका कडक उपास आपल्यापैकी कोणी केलेला नाही. उरुवेलेच्या रानात त्यांनी अन्न कमी करीत करीत शरीराचा नुसता सापळा करून टाकला. आणि शेवटी त्यांना काय कळले? शरीर खंगले की मनही खंगते, आणि खंगलेल्या मनाला सत्य सापडत नाही. त्यांनी सुजाताच्या हातचे अन्न घेतले. सोबतच्या पाच परिव्राजकांना वाटले, गौतम भ्रष्ट झाला, आणि ते त्यांना सोडून गेले. पण बोधी प्राप्त झाली ती हे अन्न ग्रहण केल्यावर. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हा प्रसंग मुद्दाम विस्ताराने सांगितला आहे.

आणखी एक प्रसंग सांगतो. तथागत वेरंजा येथे वर्षावासाला होते, तेव्हा तेथे दुष्काळ पडला. भिक्षा मिळेना. उत्तरेकडून आलेले घोड्यांचे व्यापारी तेथे उतरले होते. घोड्यांसाठीच्या जवातून ते भिक्खूंना मापभर देत. भिक्खू ते कुटून खात. आनंद तथागतांचा वाटा पाट्यावर वाटून देई. मोग्गल्लान म्हणाले, मी माझ्या सिद्धीच्या बळाने जमीन उलथून खालचा रस वर आणतो. तथागतांनी त्यांना नको म्हटले. ध्यानात घ्या, दुष्काळात चमत्कार नाकारला आणि जव कुटून खाल्ला. भुकेवर मंत्र नाही, नवस नाही, सिद्धी नाही. अन्न हाच उपाय.

आता माउलीला उत्तर देतो. आई, तुम्ही ज्या गुरुवारी जेवत नाही, त्या गुरुवारी तुमच्या मुलाच्या अर्जावर कोणी वेगळी सही करीत नाही. त्या दिवशी एवढेच होते की दिवसभर राबणाऱ्या बाईच्या अंगातले रक्त थोडे आणखी कमी होते. घरात सर्वांत शेवटी जेवणारी बाई, उरलेसुरले खाणारी बाई, तिनेच आठवड्याला एक दिवस उपाशी राहायचे, हा न्याय कोणता? उपास सोडल्याने वाईट होईल ही भीती जुन्या घरातून आपल्याबरोबर आली आहे. देव्हारा एका दिवसात निघतो, भीती निघायला वेळ लागतो. म्हणून मी तुम्हांला रागावत नाही. येत्या गुरुवारी सकाळी मुलाला आणि सुनेला शेजारी बसवून पोटभर जेवा. तीच तुमची त्या दिवसाची वंदना.

कोणी विचारील, मग आपल्यात उपोसथ आहे तो काय? उपोसथ म्हणजे उपास नव्हे. पौर्णिमा, अमावास्या, अष्टमी या दिवशी उपासक अष्टशील घेतो. त्यात एक शील असे की दुपारनंतर दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत जेवायचे नाही. पण सकाळी व्यवस्थित जेवायचे असते. स्वयंपाकाची व खाण्याची चिंता बाजूला सारून धम्माचे वाचन आणि चिंतन करावे, हा हेतू. त्यात नवस नाही, फळ मागणे नाही. आजारी भिक्खूंना अवेळीही तूप, लोणी, तेल, मध, गूळ औषध म्हणून घेण्याची मोकळीक विनयात आहे. तेव्हा गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, आजारी माणूस, उन्हात राबणारा मजूर यांनी अष्टशीलाच्या नावाने शरीराला दंड करू नये.

उपासमार कोण करतो?

आता त्या चार घरांकडे येऊ. दुःख आहे, दुःखाला कारण आहे, हे तथागतांनी शिकविले. मग उपासमारीचे कारण काय? पूर्वजन्मीचे पाप? तसे सांगणारे पुष्कळ आहेत, कारण त्या उत्तराने धनवंताला झोप चांगली लागते. तथागतांनी असे उत्तर दिले नाही. दीघनिकायात चक्कवत्तिसीहनाद सुत्त आहे. त्यात एक राजा राज्य करतो, पण दरिद्री लोकांना धन देत नाही. त्यातून दारिद्र्य वाढते, दारिद्र्यातून चोरी, चोरीतून शस्त्रे, शस्त्रांतून हत्या, हत्येतून असत्य. सगळ्या अधोगतीचे मूळ कोठे सांगितले आहे? राज्यकर्त्याने केलेल्या दुर्लक्षात. कूटदंत सुत्तात राजा मोठा यज्ञ करायला निघतो, तेव्हा त्याचा पुरोहित त्याला सांगतो की राज्यात लूटमार वाढली आहे, ती दंडाने थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे दे, व्यापाऱ्याला भांडवल दे, चाकराला वेतन दे. राजा तसे करतो आणि लोक दारे उघडी टाकून झोपू लागतात.

पाऊस पडत नाही तेव्हा दुष्काळ पडतो. पण माणूस भुकेने मरतो तो माणसांच्या व्यवस्थेमुळे. बंगालात १९४३ साली लाखो लोक मेले. अमर्त्य सेन यांनी १९८१ च्या ग्रंथात दाखवून दिले की धान्यच नव्हते म्हणून ते मेले नाहीत. धान्य विकत घेण्याचे बळ मजुराच्या हाती उरले नव्हते, म्हणून मेले. आपल्या महाराष्ट्रात १९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांना आठवतो. मिलो ज्वारी, सुकडी, उन्हात खडी फोडणे. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर जवळजवळ पन्नास लाख माणसे होती. त्यातून धडा घेऊन रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला. काम मागण्याचा हक्क कागदावर आला. भीक आणि हक्क यांत फरक हाच की भीक देणाऱ्याच्या मर्जीवर असते.

पण भूक नेहमी दुष्काळासारखी गाजावाजा करीत येत नाही. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीला पूर आला, बदलापूर पश्चिमेच्या सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि बदलापूर व वांगणी यांच्यामध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजारावर प्रवासी खिशात पैसे असून तासन्‌तास अन्नपाण्याविना बसले होते. सारे राज्य हलले. बोटी आल्या, जवान आले, सर्वांना सुखरूप बाहेर काढून बदलापुरात आणले, खाऊपिऊ घातले. फार चांगले झाले. आता दुसरे वांगणी ऐका. आपल्या स्टेशनाचे नव्हे, जव्हार तालुक्यातले वावर-वांगणी. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होते, २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तेथे १९९२ साली कितीतरी आदिवासी बालके कुपोषणाने आणि त्यातून जडलेल्या आजारांनी दगावली. तेथे एका रात्रीत पूर आला नव्हता. भूक महिनोन्‌महिने गुडघ्या-गुडघ्याने चढत होती. तिच्यासाठी बोट कोणी धाडली नाही. पुरातली भूक सर्वांना दिसते. झोपडीतली भूक दिसण्यासाठी शेजाऱ्याला डोळे असावे लागतात.

उपोषणाचे दोन चेहरे

आता तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. उपोषण हे शस्त्र आहे. शस्त्र कोणाच्या हाती आहे आणि कोणावर रोखले आहे, हे पाहिल्याशिवाय त्याला चांगले वा वाईट म्हणता येत नाही.

लाहोरच्या तुरुंगात जतींद्रनाथ दास यांनी राजकीय कैद्यांना माणसासारखी वागणूक मिळावी म्हणून ६३ दिवस अन्न घेतले नाही आणि १३ सप्टेंबर १९२९ रोजी प्राण सोडला. हात बांधलेल्या माणसाजवळ स्वतःच्या शरीराखेरीज दुसरे हत्यार नव्हते, आणि समोर साम्राज्य होते. त्यांच्यापुढे आपण मान लववू.

दुसरे उपोषण येरवड्याचे. ऑगस्ट १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधानांच्या निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ मिळाले. त्याविरुद्ध गांधीजींनी २० सप्टेंबरला येरवड्याच्या तुरुंगात आमरण उपोषण आरंभले. ते कोणावर रोखले होते? निवाडा ब्रिटिशांचा, पण सारे दडपण आले बाबासाहेबांवर आणि खेडोपाडी विखुरलेल्या आपल्या समाजावर. गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर गावकुसाबाहेरच्या झोपड्यांचे काय झाले असते, हे बाबासाहेब जाणून होते. २४ सप्टेंबरला पुणे करारावर सह्या झाल्या. प्रांतिक कायदेमंडळांतल्या जागा ७१ च्या ऐवजी १४८ झाल्या, पण आपला प्रतिनिधी आपणच निवडण्याचा हक्क गेला. ज्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या पोटभर अन्न नव्हते, त्यांचा हक्क एका उपोषणाने सुटला. म्हणून उपोषण म्हटले की आपल्या जुन्या माणसांच्या कपाळावर आठी पडते. ती उगाच नाही.

तेव्हा तरुण मित्रा, कोणी उपोषणाला बसला की तीन गोष्टी विचार. दडपण बलवानावर येते की दुर्बलावर? मागणी हक्क मिळवण्याची आहे की दुसऱ्याचा हक्क काढून घेण्याची? आणि दुसरी सारी दारे ठोठावून झाली आहेत का? २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले की संविधानाचे मार्ग खुले असताना असहकार, कायदेभंग, सत्याग्रह हे मार्ग आपण सोडले पाहिजेत. ज्याने स्वतः महाड आणि काळाराम मंदिराचे सत्याग्रह केले त्या पुरुषाचे हे शब्द, म्हणून त्यांना वजन आहे. संविधानाचे दार आधी ठोठावायचे, आणि जोराने ठोठावायचे.

आपल्या वाडवडिलांचा नकार

तू म्हणशील, मग आपल्या समाजाने भुकेचे हत्यार कधी वापरलेच नाही का? वापरले. पण वेगळ्या रीतीने. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना सांगितले की मेलेल्या ढोराचे मांस खाऊ नका, शिळ्या तुकड्यांसाठी हात पसरू नका. हे सांगणे सोपे होते, पाळणे महाकठीण. दारोदार मागून आणलेली भाकरी हेच अनेक घरांचे जेवण होते. ती नाकारली तर रात्री चूल कशावर पेटवायची? तरी आपल्या आज्या-पणज्यांनी ती नाकारली. ढोर ओढणे सोडले, तेव्हा गावाने बहिष्कार टाकले, मजुरी बंद केली, वाण्याने धान्य देणे बंद केले. १४ ऑक्टोबर १९५६ नंतरही कितीतरी गावांत हेच घडले. ती माणसे उपाशी राहिली, पण उपाशी राहण्याची हौस म्हणून नव्हे, देवाला रिझवायला नव्हे, कोणाच्या दयेला हात घालायलाही नव्हे. गुलामीच्या भाकरीपेक्षा एक रात्रीची भूक बरी, एवढाच त्यांचा हिशेब होता. आणि दुसऱ्या दिवशी ती शहराची वाट धरून गिरणीत, कारखान्यात, रेल्वेत कष्टाची भाकरी कमवायला गेली. अंबरनाथ-उल्हासनगरकडची आपली अनेक घरे याच वाटेने आली आहेत.

पुढे दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९६४ पासून भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. लाखो माणसे तुरुंगात गेली. मागण्यांत कसायला जमीन होती, तसेच गरिबाला स्वस्त दराने धान्यही होते. आपल्या चळवळीची रीत ही आहे. भूक दाखवून दया मागायची नाही. भाकरीचा हक्क मागायचा.

आता कामाचे बोलू

राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा २०१३ साली झाला आहे. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य हा हक्क आहे. तो न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता मागता येतो. जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारी आणि राज्याला अन्न आयोग याच कायद्याने नेमला आहे. तेव्हा मित्रा, उपोषणाच्या मंडपाआधी एक वही घे. चार घरांची नावे, कार्डाचे क्रमांक, कोणत्या महिन्याचे किती किलो मिळाले नाही, हे लिही. तोंडी सांगू नकोस, अर्ज दे आणि पोचपावती घे. पावतीवाचून हेलपाटा म्हणजे नुसती चप्पल झिजवणे. एका कचेरीने ऐकले नाही तर वरच्या कचेरीत जा, आणि एकटा जाऊ नकोस, विहारातली दहा माणसे बरोबर ने. शिक्षण, संघटन आणि संघर्ष यांचा मंत्र बाबासाहेबांनी उगाच दिलेला नाही.

एवढे करूनही दार उघडले नाही, तर कायद्याच्या मर्यादेत लाक्षणिक वा साखळी उपोषणाला बसण्यास मी नाही म्हणणार नाही. पण दोन अटी. आमरण हा शब्द नको, कारण तुझा जीव ही तुझ्या आईची आणि समाजाची ठेव आहे. आणि ज्या चार घरांत धान्य नाही, त्यांतले एकही माणूस मंडपात बसवायचे नाही. त्यांचे उपोषण तीन महिने चालूच आहे. भरल्या घरच्यांनी बसावे.

आता तुम्हां सर्वांना विचारतो. त्या चार घरांचा प्रश्न त्या तरुणाने मांडला तेव्हा, शेजारी राहून आपल्याला तो ठाऊक नव्हता, हे कसे? अर्जाचा निकाल लागेपर्यंत त्यांची मुले काय खातील? १८७७ च्या दुष्काळात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी धनकवडीला मुलांसाठी अन्नाची सोय केली, तेव्हा सरकारने काय करायचे ते सरकार करील म्हणून ते थांबले नाहीत. त्यांनी सरकारला जाबही विचारला आणि चूलही पेटवली. दोन्ही हात चालले पाहिजेत.

म्हणून प्रत्येक घराने रोज भात टाकताना एक मूठ तांदूळ वेगळ्या डब्यात टाकावा. पौर्णिमेला तो विहारात आणावा. ज्या घरी गरज असेल तेथे तो रात्री, गाजावाजा न करता पोचवावा. घेणाऱ्याचे नाव फळ्यावर लिहू नये, देणाऱ्याचेही नको. आणि हा तांदूळ आपल्याच जातभाईंपुरता ठेवू नका. बदलापूरच्या आसपासच्या पाड्यांवर कातकरी आणि ठाकूर कुटुंबे आहेत. वीटभट्टीचे काम पावसाळ्यात बंद पडते, तेव्हा कातकऱ्यांच्या घरी काय शिजते ते जाऊन पाहा. मैत्री आणि करुणा यांना कुंपण नसते. दीक्षा घेतल्यावरही आपण आपल्या आळीपुरतेच पाहणार असू, तर देव्हारा निघाला आणि जात राहिली, असे होईल.

त्या माउलीला मी शेवटी एक विनंती केली होती. गुरुवारी उपाशी राहून जे अन्न तुम्ही वाचवत होता, ते तुम्ही पोटभर जेवूनही वाचवू शकता. त्या दिवशी डब्यात एका मुठीऐवजी दोन मुठी टाका. नवसाचा गुरुवार दानाचा होऊ द्या. त्या हसल्या. म्हणाल्या, "एवढं जमेल."

बंधूंनो, एवढे जमले तरी पुष्कळ आहे. उपास सोडा, उपोषण विचारपूर्वक करा, आणि उपासमार शेजारी दिसताच उठा. आळवीच्या त्या शेतकऱ्यासाठी तथागत थांबले होते. आपल्या पुढच्या वंदनेआधी आपणही एकदा विचारू या, आपल्यातले कोणी उपाशी तर नाही ना?

सर्वांचे मंगल होवो. जय भीम! जय बुद्ध!